जुने सामान कुठे जाते?

गेल्या बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी आम्ही भावंडे नांदेडच्या घरी जमलो. अम्मीच्या इंतकालाला तेव्हा दहा महिने झाले होते. इतवाऱ्याच्या मागच्या गल्लीतले हे घर अब्बा मरहूमांनी बांधलेले. भिंतींना ओल धरली होती, स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या होत्या. भाईजान म्हणाले, पावसाळा संपला की पाडून नवे बांधू. मिस्त्री म्हणाला, आधी घर रिकामे करून द्या. आम्हाला वाटले, त्यात काय, दोन दिवसांचे काम. शाळा सुरू व्हायला आठवडा होता. तो सगळा आठवडा त्यात गेला, आणि एक वस्तू आजही आमच्या गळ्यात आहे.

पहिल्या दिवशी फक्त मोजदाद झाली. एक सागवानी तख्त. दोन लोखंडी पलंग. अम्मीच्या जहेजमधली पत्र्याची मोठी पेटी, जिला घरात सगळे संदूक म्हणत. आरशाला तडा गेलेले लोखंडी कपाट. पाच गाद्या, अकरा रजया. तांब्याचा एक देग. पायाने चालवायचे शिलाई मशीन. पत्र्याचा कूलर. बंद पडलेला फ्रिज. मागे कुबड असलेला जुना टीव्ही. धाकट्या भावाच्या निकाहात आलेला सोफा, ड्रेसिंग टेबल आणि फोमची गादी, जे सामान तो पुण्याच्या दोन खोल्यांत नेऊ शकला नाही. ही यादी वाचताना आमच्या बहुतेक वाचकांना आपल्याच घरचा पोटमाळा आठवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली. तिच्या चालकाने दारातून आत नजर टाकली आणि हसून सांगितले, "सर, ओला कचरा, सुका कचरा घेतो. पलंग-कपाट नाही घेत." त्याचे बरोबर होते. त्याच्या गाडीत कपाट चढवले तर पुढच्या पन्नास घरांचा कचरा कुठे मावणार? आपल्या शहरांत रोजच्या कचऱ्याची गाडी दारात येते, पण घरातल्या मोठ्या सामानासाठी दारात काही येत नाही. त्याची वाट आपली आपणच शोधायची असते. ती शोधताना आम्हाला आपलेच नांदेड आणि आपलेच लातूर नव्याने दिसले. म्हणून हे लिहीत आहोत.

रुई मरत नाही

सुरुवात गाद्यांपासून केली. भाभींनी ओळखीच्या नदाफ चाचांना बोलावले. पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशा नावांनी ही बिरादरी आपल्याकडे ओळखली जाते. आमच्या लहानपणी चाचांचे वडील खांद्यावर पिंजण घेऊन गल्लीत यायचे. ताणलेल्या तातीचा तो तुण-तुण आवाज ऐकू आला की अम्मी वरून ओरडायची, "रोको उनकू." अंगणात चादर पसरून दिवसभर काम चाले आणि संध्याकाळी आमच्या केसांत, पापण्यांत, चहाच्या कपात कापूस असे. आता चाचांच्या दुकानात विजेचे यंत्र आहे. पिंजण भिंतीला टांगलेले आहे.

चाचांनी एका गादीची शिवण उसवली, चिमूटभर कापूस काढला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच ताणला. धागे लांब आले, तुटले नाहीत. "फेको नक्को सर, रुई जिंदी है." मग त्यांनी समजावून सांगितले. वर्षानुवर्षे अंगाचे वजन पडून कापूस दबतो, त्याच्या गुठळ्या होतात, त्यात घाम आणि धूळ बसते. पण तंतू शाबूत असेल तर उन्हात वाळवून पुन्हा पिंजला की तो फुलतो. थोडी तूट येते, तेवढा नवा कापूस घालायचा. आमच्या पाच गाद्यांतून चार चांगल्या झाल्या. रजयांचा कापूस वेगळा काढून त्यांतून सहा भरल्या.

आमचे नाना नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये कामाला होते. कापूस बोटांनी ताणून पाहायची ही सवय त्यांनाही होती. नांदेड हा कापसाचाच मुलूख. 'नांदेड ४४' हे संकरित वाण इथल्याच संशोधन केंद्रातले. अशा गावात गादी फेकून देणे आमच्या आजी-नानींना कळलेच नसते. अभ्रा फाटला तर अभ्रा बदलायचा, कापूस दबला तर पिंजून घ्यायचा. एक गादी तीन पिढ्या चालायची.

चाचांना आम्ही फोमची गादीही दाखवली. त्यांनी अंगठ्याने दाबली. खड्डा पडला तो तसाच राहिला. "इसका मैं क्या करूं?" एवढेच ते म्हणाले. ती गादी ना पिंजता येते, ना भरता येते. जाळली तर धूर विषारी. नाल्यात टाकली तर पहिल्या मोठ्या पावसात गोदावरीत. नांदेडच्या घाटांकडे जाताना काठाला अडकलेल्या अशा गाद्या आम्ही पाहिल्या आहेत. आमच्यापैकीच कुणाच्या तरी घरातून त्या निघाल्या असतील.

देग, कपाट आणि भुशाची फळी

देगाचा प्रश्न मोहल्ल्यानेच सोडवला. जुनी भांडी मोडीत घालून नवी घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि तांब्याला मोडीत चांगला भाव मिळतो. भाईजान तेच म्हणत होते. पण मोहल्ल्याच्या कमिटीकडे शादी-वलीम्यासाठी सामाईक भांडी असतात. ज्याच्या घरी कार्य, त्याने न्यायची आणि धुऊन परत आणून ठेवायची. त्यांच्याकडचा एक देग गळत होता. आम्ही अम्मीच्या देगाला कल्हई करून घेतली. कल्हईवाल्याने भाता फुंकून देग तापवला, नवसागर टाकला, धुराचा तो ओळखीचा वास आला, आणि कथिलाची कांडी फिरवून कापसाने झरझर पुसताच आतून चांदीसारखा लख्ख झाला. आता तो देग दर महिन्याला कुणाच्या तरी आनंदात चुलीवर चढतो. विकला असता तर पैसे एकदाच मिळाले असते.

लोखंडी कपाट भंगारात गेले. देगलूर नाक्याकडच्या एका दुकानातून हातगाडी आली. आम्ही समजत होतो लोखंड म्हणजे लोखंड. तसे नसते. सळई, अँगल, जाड पट्टी हे जड लोखंड, त्याला भाव जास्त. कपाट, पेटी, कूलर हा पत्रा, त्याला कमी. कपाट बासष्ट किलो भरले, चोवीस रुपयांप्रमाणे चौदाशे अठ्ठ्याऐंशी रुपये हातात पडले. अम्मीने ते हप्त्याने घेतले होते. त्याच्या चोरकप्प्यात तिने आम्हा सगळ्यांच्या गुणपत्रिका ठेवल्या होत्या. त्या आम्ही काढून घेतल्या.

"आता याचे काय होणार?" आम्ही विचारले. दुकानदार म्हणाला, "जालना." मराठवाड्यातले बरेच भंगार जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे जाते. तिथे भट्टीत वितळून त्याच्या बांधकामाच्या सळया होतात आणि त्या सळया ट्रकने पुन्हा आपल्याच गावांत येतात. म्हणजे भाईजानच्या नव्या स्लॅबमध्ये अम्मीच्या कपाटाचा एखादा तोळा नसेलच असे नाही. भाभींना हे ऐकून बरे वाटले.

खरी अडचण आली ती सर्वांत नव्या सामानाची. सोफा आणि ड्रेसिंग टेबल जेमतेम नऊ वर्षांचे. सोफेवाल्याने कापड फाडून आतला सांगाडा पाहिला आणि मान हलवली. जुन्या सोफ्याचा सांगाडा साग किंवा बाभळीचा असला तर नवे कापड, नवा कापूस घालून तो पुन्हा उभा राहतो. हा सांगाडा हलक्या फळकुटांना स्टेपल मारून केलेला होता. ड्रेसिंग टेबल तर भुसा आणि डिंक दाबून केलेल्या बोर्डाचे. वर सागाचा कागद चिकटवलेला. अशा बोर्डात एकदा निघालेला स्क्रू दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही, आणि पाणी लागले की फळी बिस्किटासारखी फुगते. सुताराने घेतले नाही, भंगारवाल्याने घेतले नाही, शेजारच्या चहावाल्याने सरपणालाही नको म्हटले, कारण धुराने डोळे चुरचुरतात.

इथे थोडे स्पष्ट लिहितो, वाचकांनी राग मानू नये. हा सोफा, हे टेबल भावाच्या सासऱ्यांनी कर्ज काढून दिले होते. आम्ही मागितले नव्हते, पण नकोही म्हटले नव्हते. निकाहाच्या आदल्या दिवशी टेंपोतून ते उतरले तेव्हा सगळा मोहल्ला बघायला आला होता. नऊ वर्षांनी आम्ही तेच सामान कुणी फुकट नेईल का म्हणून दारोदार विचारत होतो. त्या घरचे कर्ज फिटायला किती वर्षे लागली हे आम्ही कधी विचारले नाही. लोकांना दाखवण्यासाठी घेतलेले सामान दाखवून झाले की कुणाच्याच उपयोगाचे उरत नाही. अम्मीच्या जहेजमधला संदूक मात्र पंचावन्न वर्षांनंतरही भाभींच्या रजया सांभाळतो आहे.

फ्रिज एका दुरुस्तीवाल्याने कॉम्प्रेसरसाठी घेतला. त्याने आमच्यासमोरच पक्कडीने नळी कापली. फुस्स आवाज झाला आणि संपले. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला त्या आवाजाने लाज वाटायला हवी होती, आणि वाटली. १९९६ साली घेतलेल्या त्या फ्रिजमध्ये बहुधा जुना क्लोरोफ्लुरोकार्बन वायू होता. ओझोनचा थर विरळ करणारा म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगाने तो टप्प्याटप्प्याने बंद केला. हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. फ्रिज मोडण्याआधी त्यातला वायू यंत्राने काढून घ्यायचा असतो. आम्ही आधी विचारले असते तर तसे करणारा कुणी तरी शोधता आला असता. आम्ही विचारले नाही. आम्हाला जागा रिकामी हवी होती.

छोट्या हत्तीवरून लातूरला

उरले तख्त, दोन पलंग, कूलर, टीव्ही आणि शिलाई मशीन. हे आम्ही लातूरला न्यायचे ठरवले, कारण नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड तिथे आहे. एक छोटा हत्ती ठरवला. चालकाशेजारी आम्ही, मागे ताडपत्रीखाली सामान. मिरग लागला होता आणि लोह्याच्या अलीकडेच पावसाने गाठले. माळेगावच्या माळावर यात्रेच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, आता सगळा ओला आणि मोकळा पडलेला. अहमदपूरला चहासाठी थांबलो तेव्हा चालकाने सांगितले की जूनमध्ये त्याला सवड म्हणून नसते. "पोरांच्या खाटा, सर. नांदेड-लातूर, लातूर-नांदेड. गावाकडून खाट आणायची, दोन वर्षांनी विकून जायचे."

आम्ही लातूरला राहतो, तरी त्याने सांगेपर्यंत आमच्या हे नीट लक्षात आले नव्हते. दहावी-बारावीच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर झाले. उद्योग भवन परिसरातल्या शिकवण्यांसाठी गावोगावची हजारो मुले-मुली येऊन भाड्याच्या खोल्यांत राहतात. मे महिन्यात परीक्षा संपतात आणि खोल्या रिकाम्या होतात. खाट, टेबल, खुर्ची, कूलर, बादली, पातळ गादी हे सगळे एकाच पंधरवड्यात बाहेर पडते. जूनमध्ये नवी मुले येतात, त्यांना नेमके तेच हवे असते.

लातूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम तिकडे चक्कर मारली. लोखंडी खाटा दुकानांपुढे उभ्या करून ठेवलेल्या होत्या. एका खाटेच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेली पाच नावे आम्ही वाचली, पाच वेगवेगळ्या अक्षरांत. एकच खाट पाच मुलांना झोपवून पुन्हा विक्रीला आली होती. दुकानदार सैल नटबोल्ट आवळतो, रंगाचा एक हात मारतो, एवढेच. आमचे दोन पलंग त्याने लगेच ठेवून घेतले. मागच्या बाजूला मात्र पातळ फोमच्या गाद्यांचा ढीग होता. त्या कुणी घेत नाही. त्यांची वाट वरवंटीच्या कचरा डेपोकडे जाते, किंवा त्याआधीच कुठल्या तरी मोकळ्या प्लॉटवर संपते.

लातूरच्या छतांवर आणखी एक सामान आहे, निळे ड्रम. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या दिवसांत ज्याला जो ड्रम मिळेल तो त्याने घेतला. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांवर तेव्हा ड्रम घेऊन जाणाऱ्या सायकली आणि हातगाड्याच दिसत. आमच्याकडे सहा आहेत. दोन उन्हाने तडकले, तरी टाकायला हात धजत नाही. तडकलेल्यांपैकी एक मधोमध कापून मुलांच्या अम्मीने त्यात कढीपत्ता आणि लिंबू लावले. दुसरा भंगारात द्यायचे ठरले.

कूलरची गोष्ट

आता जे लिहितो ते लिहायचे की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली.

तीन वर्षांपूर्वी आम्ही नवा कूलर घेतला आणि जुना पत्र्याचा कूलर आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना दिला. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात बसवत नाही, हे आम्हाला माहीत होते. देताना फार समाधान वाटले. कूलरला हात लावला की कधी कधी झिणझिण्या यायच्या, हेही आम्हाला माहीत होते. आम्ही चप्पल घालून बटण दाबत होतो. त्याची तीन पिनांची वायर कधीच तुटली होती, दोन पिना लावून काम चालले होते. मावशींना आम्ही हे सांगितले नाही. खोटे बोललो असे नाही. सांगायचे सुचलेच नाही.

चौथ्या दिवशी त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून कूलरमध्ये पाणी ओतत होता. त्याला झटका बसला आणि तो मागे फेकला गेला, म्हणून वाचला. चिकटला असता तर? तळहात भाजला, डोक्याला चार टाके पडले. मावशींनी आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही. आठ दिवसांनी त्या कामावर आल्या आणि म्हणाल्या, "ते कूलर घेऊन जा, सर. ठेवायला जागा नाही." त्यांना भीती वाटत होती आणि आमचा मानही राखायचा होता.

लहानपणी अम्मी आम्हाला शिकवायची की जी वस्तू आपण स्वतः नाक मुरडल्याशिवाय घेणार नाही, ती सदका म्हणून दुसऱ्याला देऊ नये. आम्ही दिली ती मदत नव्हती. आपल्या घरातला अडथळा आम्ही दुसऱ्याच्या घरात ठेवला होता आणि वर सवाबाची अपेक्षा केली होती.

म्हणून अम्मीचा कूलर आम्ही कुणालाही दिला नाही. विजेच्या मिस्त्रीला दाखवला. मोटारीचे वेष्टण जळालेले, पत्रा आतून गंजलेला. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त. मग मोटार वेगळी, पत्रा वेगळा करून भंगारात. वाचकांना एवढेच सांगतो: पत्र्याचा कूलर असेल तर तीन पिनांचीच वायर लावा, अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का ते मिस्त्रीकडून तपासून घ्या, पाणी भरताना प्लग काढा. वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी घराच्या मुख्य बोर्डावर बसवून घ्या. त्याचा खर्च एका जोडी कपड्यांच्या आसपास येतो.

वर्गातला मुलगा

ड्रम आणि कूलरचा पत्रा घेऊन आम्ही लातूरच्या एका भंगार दुकानात गेलो तेव्हा काट्यावर वजन करायला आमच्याच सातवीच्या वर्गातला मुलगा उभा होता. आधी तो दचकला, आम्हीही. दुकान त्याच्या मामूंचे. शाळा सुटल्यावर येतो म्हणाला. शाळेच्या वेळेतही येत असावा, कारण त्याची हजेरी आम्हाला माहीत होती.

वर्गात हा मुलगा मान वर करत नाही. इथे त्याने कूलरच्या मोटारीतली तार नखाने खरवडून सांगितले, "सर, ही तांब्याची नाही. अॅल्युमिनियमला तांब्याचा रंग दिलाय." एका स्टीलच्या पातेल्याला लोहचुंबक लावून दाखवला, चिकटला नाही. दुसऱ्याला लावला, चिकटला. "हे हलकं स्टील." कुठले प्लॅस्टिक पुन्हा वितळते आणि कुठले नाही, हे तो टिचकीच्या आवाजावरून सांगत होता. जे आम्ही सहा तासिकांत शिकवतो ते त्याच्या बोटांत होते.

पण दुकानाच्या मागे एका टोपल्यात काळी पडलेली तार होती. तांबे सोडवण्यासाठी वायरी जाळतात. त्या प्लॅस्टिकच्या धुरात जे असते ते मोठ्यांच्याही छातीला सोसत नाही. हे काम कोण करते, असे विचारल्यावर मुलाने उत्तर दिले नाही, मामूंनीही नाही. आम्ही बसलो, चहा घेतला. मामू वाईट माणूस नाहीत. बहिणीचे घर तेच चालवतात. आम्ही दोनच गोष्टी मागितल्या: शाळेच्या वेळेत मुलगा शाळेत, आणि वायर जाळायची नाही, सोलायची. सोलायला वेळ लागतो, पण सोललेल्या तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा भाव जास्त मिळतो, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले माहीत होते. त्यांनी मान डोलावली. मुलगा आता बहुतेक दिवस येतो. धातू-अधातूचा पाठ आला तेव्हा आम्ही त्याला लोहचुंबक घेऊन फळ्यापुढे उभे केले. वायर जाळणे बंद झाले का, ते आम्ही अजून खात्रीने सांगू शकत नाही. अधूनमधून जाऊन चहा घेतो.

जे आमच्याकडेच राहिले

टीव्ही अजून आमच्या गॅलरीत आहे. त्या जाड काचेत शिसे असते. भंगारवाला आतले तांबे काढून घेतो आणि काच फोडून टाकतो, म्हणून त्याला दिला नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार अशा वस्तूंची विल्हेवाट नोंदणीकृत ठिकाणीच व्हायला हवी आणि त्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. नियम चांगला आहे. आमच्या गल्लीतून त्या नोंदणीकृत ठिकाणापर्यंतची वाट मात्र आम्हाला अजून सापडलेली नाही. शाळेत आम्ही एक खोका ठेवला आहे. जुने मोबाइल, चार्जर, सेल मुले आणून टाकतात. खोका भरला की सगळे एकदमच योग्य ठिकाणी पोचवू, टीव्हीही त्यातच.

शिलाई मशीन मावशींनी नेले. या वेळी आम्ही आधी विचारले, हवे का. मग नवा पट्टा बसवला, तेलपाणी केले. मावशी म्हणाल्या, "आधी चालवून दाखवा." आम्ही चालवून दाखवले. त्यांनी स्वतः बसून एक टीप मारली, दोरा ओढून पाहिला, आणि मग म्हणाल्या, "नेते." त्यांनी तपासून घेतले याचे आम्हाला बरे वाटले.

राहिले तख्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. औसा तालुक्यातल्या फुफीचे माळवदाचे घर पडले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे ओझे, म्हणून त्या भागात सुमारे दहा हजार माणसे गेली. फुफी वाचली, फुफा गेले. अब्बा नऊ दिवस तिकडे होते. ढिगाऱ्यातून सागाच्या दोन तुळया निघाल्या. नव्या घराला वापरू, असे कुणी तरी म्हणाले. फुफीने सांगितले, "हे लाकूड पुन्हा माझ्या डोक्यावर नको. खाली राहू दे." अब्बांनी ते नांदेडला आणून त्याचे तख्त करून घेतले. त्यावर आम्ही अभ्यास केला, अम्मीने सेवया वाळवल्या, आणि शेवटी ती त्यावरच आजारी पडून होती.

छोट्या हत्तीतून ते उतरवताना एक पाय निखळला. सुताराने जुना खिळा काढून लाकडाची खुंटी ठोकली. साग आहे, पुन्हा धरतो. त्यावर नदाफ चाचांनी भरलेली गादी घातली आहे. पावसाळा संपल्यावर फुफी पंधरा दिवस राहायला आली. आता ऐंशीच्या पुढे आहे. तख्ताच्या कडेवरून हात फिरवून तिने विचारले, "हे तेच का?" आम्ही हो म्हटले. ती आडवी झाली आणि थोड्या वेळाने झोपली.

घरात आता काही मोठे घ्यायचे निघाले की आम्ही मुलांसमोर एकमेकांना एक प्रश्न विचारतो: हे मोडले तर दुरुस्त कोण करेल, आणि आपल्याला नको झाले तर कोण आनंदाने घेईल? दोन्हींना उत्तर नसेल तर दुकानातून परत येतो. गेल्या महिन्यात मुलीला अभ्यासाचे टेबल हवे होते. उद्योग भवनाजवळून जुने लोखंडी टेबल आणले. त्याच्या खालच्या बाजूला दोन नावे कोरलेली आहेत. मुलीने आपले तिसरे कोरले.